एम.ए. सायकॉलॉजी झालं, मग रुग्ण पाहता येतात का?

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मानसशास्त्राचे नवे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितले. त्याआधी एम.फिल. ही पदवीच देशातून बंद करण्याचा निर्णय झाला होता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा रूढ रस्ता नेमका त्या एम.फिल.मधून जायचा. त्यामुळे बारावीनंतर मानसशास्त्र घेतलेली मुलं, नोकरी सांभाळून एम.ए. करणाऱ्या चाळिशीतल्या बायका, मुलाच्या तपासणीसाठी योग्य माणूस शोधणारे पालक असे सगळेच गोंधळले आहेत. नियम बदलत असले तरी या व्यवसायाचा गाभा बदललेला नाही, आणि तो समजला की बाकीचं समजायला सोपं जातं.

पाटीवर काय लिहिलंय?

मनाच्या आजारांशी संबंधित किमान चार व्यवसाय आहेत आणि बोलताना आपण त्या सगळ्यांना 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून मोकळे होतो.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा एमबीबीएस डॉक्टर असतो. त्याने पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी., डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला असतो. निदान करणं, औषधं देणं, गरज पडली तर रुग्णाला दाखल करून घेणं हे त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वैद्यकीय डॉक्टर नसतो आणि औषध लिहून देऊ शकत नाही. मानसिक आजारांचं मूल्यमापन, मानसशास्त्रीय चाचण्या आणि शास्त्रशुद्ध मानसोपचार हे त्याचं क्षेत्र. इथे मानसोपचार म्हणजे सायकोथेरपी: ठरावीक पद्धतीने, ठरावीक उद्दिष्ट ठेवून, संवाद आणि सराव यांच्या आधारे केलेला उपचार. मनोसामाजिक कार्यकर्ता एम.एस.डब्ल्यू.च्या वाटेने येतो आणि रुग्णाचं घर, कमाई, पुनर्वसन या बाजू सांभाळतो. समुपदेशक आयुष्यातल्या अडचणींवर माणसाला विचार करायला मदत करतो: करिअरची निवड, नवरा-बायकोतले वाद, परीक्षेचा ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू.

समुपदेशकाचं काम हलकं मुळीच नाही. शाळेतला चांगला समुपदेशक कित्येक मुलांना वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो. प्रश्न येतो तो आजाराच्या उंबरठ्यावर. इथून पुढे आपलं काम नाही, हे ओळखता येणं हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

पदवी वेगळी, परवाना वेगळा

एलएल.बी. झालेला माणूस कायदा शिकलेला असतो, पण बार कौन्सिलची सनद मिळाल्याशिवाय तो कोर्टात वकील म्हणून उभा राहू शकत नाही. एम.ए. मानसशास्त्र आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्यात असंच अंतर आहे. इथे सनद देणारी संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणतात.

ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. दिव्यांगांच्या पुनर्वसनाशी संबंधित व्यावसायिकांचं प्रशिक्षण आणि नोंदणी तिच्याकडे आहे, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यांत मोडतात. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना असा व्यवसाय करणं, त्या अधिकारात प्रमाणपत्रावर सही करणं, तज्ज्ञ म्हणून न्यायालयात साक्ष देणं हे कायद्याला मान्य नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीस वर्षांपूर्वी ठरवलेल्या या हजार रुपयांच्या दंडाची आज कुणाला भीती वाटणार, हा प्रश्न रास्तच आहे.

दुसरा कायदा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिली आहे. पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता हवी, किंवा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. हवी. त्या दोन वर्षांत देखरेखीखालचं रुग्णालयीन प्रशिक्षण असणं व्याख्येतच नमूद आहे, आणि ही एम.फिल.सुद्धा परिषदेची मान्यता असलेलीच लागते.

यातून निघणारी एक गोष्ट बऱ्याच जणांना धक्का देते. मानसशास्त्रात पीएच.डी. करून नावामागे 'डॉ.' लागलेली व्यक्ती आपोआप क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. पीएच.डी. संशोधनाची पदवी आहे. स्मरणशक्तीवर किंवा कामगारांच्या समाधानावर उत्तम प्रबंध लिहिलेल्या संशोधकाने आयुष्यात एकही रुग्ण तपासलेला नसू शकतो.

बारावीपासून मोजलं तर

विज्ञान शाखा लागत नाही, नीट द्यावी लागत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान कुठूनही येता येतं. रूढ मार्गात, म्हणजे २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा मिळालेल्या एम.फिल.च्या मार्गात, मानसशास्त्र घेऊन तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांची एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.फिल. अशी सात वर्षं लागतात. प्रत्यक्षात आठ-नऊ धरावीत, कारण एम.ए.नंतरची प्रवेश परीक्षा पहिल्याच झटक्यात सुटणाऱ्यांपेक्षा पुन्हा बसणारेच जास्त.

एम.फिल.साठी पदव्युत्तर पदवीला साधारण ५५ टक्के गुणांची अट असते, आरक्षित प्रवर्गांना सवलत असते. लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. प्रत्येक संस्थेचा अर्ज, तारीख आणि शुल्क वेगळं. बंगळूरची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही जुनी, नावाजलेली केंद्रं. या विषयाचं भारतातलं पहिलं पद्धतशीर प्रशिक्षण १९५० च्या दशकात बंगळूरलाच सुरू झालं. महाराष्ट्रात पुण्याला ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, काही खासगी वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. जागा सगळीकडे मोजक्याच. एका प्रशिक्षकाने किती विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवावी यावर परिषदेने मर्यादा घातलेली आहे, म्हणून मागणी वाढली तरी जागा झटकन वाढवता येत नाहीत. सरकारी संस्थांत शुल्क कमी असतं आणि काही ठिकाणी विद्यावेतन मिळतं. खासगी ठिकाणी दोन वर्षांचा खर्च लाखांत जातो.

परीक्षेत बहुतेकांची दांडी दोन ठिकाणी उडते. एक संख्याशास्त्र, कारण एम.ए.ला ते पाठ करून निभावलेलं असतं. दुसरं मेंदूची रचना आणि कार्य, कारण कला शाखेतून आलेले विद्यार्थी ते प्रकरण पर्यायाला सोडतात. आजारांची लक्षणं सगळेच वाचून जातात, त्यामुळे फरक या दोन विषयांत पडतो.

त्या दोन वर्षांत होतं काय?

हा अभ्यासक्रम वर्गात बसून होत नाही. विद्यार्थी मनोविकार विभागात रुजू होतो आणि सकाळपासून बाह्यरुग्ण विभागात असतो. पहिलं काम इतिहास घेणं. रुग्ण आणि त्याच्यासोबतचा नातेवाईक यांच्याशी तास-दीड तास बोलून तक्रार कधी सुरू झाली, कशी वाढली, झोप, भूक, काम, व्यसन, घराण्यात कुणाला आजार, बालपण, शिक्षण, लग्न हे सगळं क्रमाने नोंदवायचं. दोघांची हकिकत बरेचदा जुळत नाही. मुलगा म्हणतो मी ठीक आहे, आई म्हणते सहा महिने आंघोळ करत नाही. कुणाचं खरं, या वादात न पडता दोन्ही नोंदी ठेवायला शिकावं लागतं.

त्यानंतर मानसिक स्थितीची तपासणी. रुग्णाचं दिसणं, बोलण्याचा वेग, विचारांची सांगड, भावना, भास-भ्रम, स्मरण, आपण आजारी आहोत याची जाणीव यांचं ठरावीक चौकटीतलं निरीक्षण. मग हे सगळं वरिष्ठांसमोर मांडायचं. तिथे प्रश्नांची सरबत्ती होते: संशय म्हणतोस, तो संशय की पक्का भ्रम? कशावरून ठरवलंस? रुग्णाचे शब्द काय होते? 'रुग्ण निराश वाटला' एवढ्यावर कुणी सोडत नाही. पहिले काही महिने हे फार जड जातं, पण व्यवसायाची नजर तयार होते ती इथेच.

पहिल्या वर्षात वर्तनामागची मानसिक-सामाजिक कारणं, मनोविकारशास्त्र, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती असे विषय आणि चाचण्यांचं प्रात्यक्षिक असतं. दुसऱ्या वर्षात मेंदू आणि वर्तन, मानसोपचार, शारीरिक आजारांतली मानसिक बाजू आणि उपचारांचं प्रात्यक्षिक. परीक्षेपूर्वी पहिल्या वर्षी पाच संपूर्ण निदान-अहवाल आणि दुसऱ्या वर्षी पाच उपचारांच्या नोंदी सादर कराव्या लागतात, शिवाय एक प्रबंध. बाहेरून आलेले परीक्षक रुग्णासमोर परीक्षा घेतात. हे पाच अहवाल म्हणजे निवडक नमुने. प्रत्यक्षात पाहिलेले रुग्ण त्याच्या कित्येक पट असतात. प्रौढ रुग्ण, मुलं, व्यसनमुक्ती, मेंदूविकार, कुटुंबोपचार अशा वेगवेगळ्या ठिकाणी पाळीपाळीने काम करावं लागतं.

आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे देखरेख. विद्यार्थ्याने घेतलेल्या प्रत्येक सत्राची चर्चा मार्गदर्शकाबरोबर होते. रुग्ण काय म्हणाला, तू काय म्हणालास, तेव्हाच का म्हणालास, रुग्ण रडला तेव्हा तू विषय का बदललास. पुस्तकं घरी वाचता येतात, व्याख्यानं यूट्यूबवर ऐकता येतात. आपली चूक रुग्णाला महागात पडण्याआधी दाखवून देणारा अनुभवी माणूस मात्र या दोन वर्षांतच मिळतो. ज्या संस्थेत कागदावर देखरेख आहे पण मार्गदर्शक आठवड्यातून एकदा सही करायला येतात, तिथे दोन वर्षं जातात आणि कौशल्य येत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी इमारतीपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: रोज किती रुग्ण येतात, आणि सत्रांची चर्चा कोण, किती वेळ करतं. आधीच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांकडून याची खरी उत्तरं मिळतात.

"नुसतं बोलायला दोन वर्षं कशाला?"

मंत्रचळाचं उदाहरण घेऊ. या आजारात हाताला घाण लागल्याचा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि माणूस तासन्‌तास हात धूत राहतो. प्रेमळ माणूस काय करेल? 'अरे, काही जंतू नाहीत, स्वच्छ आहेत हात' अशी समजूत घालेल. रुग्णाला दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग तो तीच समजूत पुन्हा मागायला येतो. ही समजूत घालून घेणं हात धुण्याइतकंच आजाराचा भाग बनतं आणि आजार वाढतो. योग्य उपचार नेमका उलटा असतो. भीतीच्या गोष्टीला रुग्णाने पायरीपायरीने सामोरं जायचं आणि धुण्याची कृती रोखून धरायची. अस्वस्थता चढते आणि न धुता ओसरते, हे त्याने स्वतः अनुभवायचं. पायरी फार मोठी घेतली तर रुग्ण पळून जातो, फार लहान घेतली तर काहीच बदलत नाही. हा अंदाज रुग्ण पाहून पाहूनच येतो.

दुसरं उदाहरण वीस वर्षांच्या मुलाचं. अभ्यासात लक्ष नाही, मित्र तुटले, खोलीतून बाहेर येत नाही. घरचे म्हणतात परीक्षेचा ताण. ताण असू शकतो, नैराश्य असू शकतं, व्यसन असू शकतं, आणि ही स्किझोफ्रेनियाची सुरुवातही असू शकते. 'तुझ्याबद्दल कुणी बोलतं असं वाटतं का, एकटा असताना आवाज येतात का' हे विचारायला न शिकलेला माणूस त्याला वेळेचं नियोजन शिकवत सहा महिने घालवतो. उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं नुकसान भरून काढणं अवघड होतं. तसंच थायरॉइडचं. सतत थकवा, मंदपणा, उदास मन घेऊन आलेल्या बाईची रक्ततपासणी झालीच नसेल, तर बालपणाच्या आठवणींवर चर्चा करण्याआधी तिला डॉक्टरकडे पाठवायला हवं. रुग्णालयात शिकलेल्या माणसाला हे प्रश्न सवयीने सुचतात.

चाचणी आणि रिपोर्टमधला आकडा

चाचण्यांबद्दल लोकांत जितकं कुतूहल आहे, तितकेच गैरसमज. महाराष्ट्रात पालकांचा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी पहिला संबंध बहुधा यातूनच येतो: मूल बोलायला उशीर करतंय, शाळेने तपासणी करून आणा म्हटलंय, अध्ययन अक्षमतेसाठी दहावीच्या परीक्षेत सवलत हवी आहे, किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं आहे. २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ते किमान ४० टक्के असावं लागतं. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत तो आकडा ठरवताना बुद्ध्यंक आणि दैनंदिन कौशल्यं या दोन्ही मोजमापांचा आधार घेतात. त्यामुळे चाचणीत पाच-सात गुणांची चूक झाली, तर मुलाचा हक्क जाऊ शकतो किंवा त्याच्यावर चुकीचा शिक्का बसू शकतो.

आपल्याकडच्या जुन्या चाचण्यांचा मराठीशी जवळचा संबंध आहे. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. मुलांच्या वेक्स्लर चाचणीचं भारतीय रूप, मालिन यांची चाचणी, नागपुरात तयार झालं. भाटिया यांच्या कृती-चाचण्यांत ठोकळे, नमुने, चित्रं यांचा वापर असल्याने शाळेत न गेलेल्या माणसाचीही क्षमता तपासता येते.

आता चुका कुठे होतात ते पाहू. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाची शाब्दिक चाचणी इंग्रजीत घेतली की भाषेची अडचण बुद्धीच्या खात्यात जमा होते. मूल तापात, भुकेलं किंवा रात्रीच्या प्रवासाने दमलेलं असताना घेतलेला बुद्ध्यंक त्या दिवसाचा असतो, मुलाचा नव्हे. आई शेजारी बसून खुणावत असेल तर गुण वाढतात. तीच चाचणी दोन-तीन महिन्यांत पुन्हा घेतली तर सरावाने वाढतात. कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांवर बेतलेली मानकं आजच्या मुलाला लावली तर आकडा फुगतो. प्रशिक्षित व्यक्ती यातली प्रत्येक बाब अहवालात नोंदवते, गरज पडली तर चाचणी पुढे ढकलते.

चांगल्या अहवालात नुसता आकडा नसतो. तपासणी कोणत्या भाषेत झाली, मुलाने सहकार्य कसं केलं, कोणत्या चाचण्या वापरल्या, कुठे चांगलं जमलं, कुठे अडलं, आणि घरी-शाळेत पुढे काय करायचं हे त्यात येतं. 'बुद्ध्यंक ६८' एवढंच लिहून खाली सही असेल, तर पालकांनी तपशील मागायला संकोचू नये. मुलाची प्रत्यक्ष तपासणी दोन-तीन तासांची, कधी दोन बैठकांत होते, आणि अहवाल लिहायला आणखी तेवढाच वेळ जातो. वीस मिनिटांत झालेल्या 'पूर्ण मूल्यमापना'वर विश्वास ठेवू नये.

एम.फिल. बंद, मग पुढे?

नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. रद्द करायचं ठरवलं आणि यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ते अमलात आणलं. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनी एम.फिल.ला प्रवेश घेऊ नये असा इशारा निघाला आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. बाकीच्या विषयांत एम.फिल. ही पीएच.डी.आधीची पायरी होती. इथे ती व्यवसायाचं प्रवेशद्वार होती, आणि कायद्याच्या व्याख्येत तिचं नाव होतं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोसामाजिक कार्य या दोन एम.फिल.ना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली. आधीच मिळवलेल्या पदव्यांना आणि नोंदणीला काही बाधा नाही.

परिषदेने नव्या धोरणाला धरून चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांची एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि व्यावसायिक डॉक्टरेट, म्हणजे सायडी, असे अभ्यासक्रम आखले आहेत. इथे एक मोठा खड्डा आहे. एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी या नावाची पदवी अनेक विद्यापीठं पूर्वीपासून देत आहेत आणि ती परिषदेच्या मान्यतेची असतेच असं नाही. नाव तंतोतंत तेच, पण एकीला रुग्णालय जोडलेलं आहे आणि परिषदेची मंजुरी आहे, दुसरी वर्गातली पदवी आहे. माहितीपत्रकात 'आरसीआयच्या अभ्यासक्रमावर आधारित' असं लिहिलेलं असलं तरी ती मान्यता नव्हे. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्य संस्थांच्या यादीत त्या संस्थेचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्याच शैक्षणिक वर्षाचं नाव पाहावं. मान्यता ठरावीक मुदतीची असते. मागच्या तुकडीला होती म्हणून पुढच्या तुकडीला असेलच असं नाही. शिवाय कोणत्या पदवीनंतर कोणत्या नावाने नोंदणी होते, हे त्या वर्षीच्या अधिसूचनेत वाचूनच पैसे भरावेत.

दूरस्थ पद्धतीने एम.ए. केलेल्यांचं काय?

२०२५ च्या निर्णयामागे आणखी एक कायदा आहे: २०२१ चा संलग्न आणि आरोग्य सेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा. पुनर्वास परिषदेकडे असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून बाकी मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक या कायद्याखाली येतात. आरोग्य व्यवसायाचं शिक्षण प्रत्यक्ष सरावाशिवाय होऊ नये म्हणून यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ प्रवेश थांबवले. बी.ए.त अनेक विषय असतील तर त्यातलं मानसशास्त्र तेवढं वगळायचं आहे. निर्णय नव्या प्रवेशांचा आहे. मान्यता असताना रीतसर घेतलेली जुनी पदवी त्याने रद्द होत नाही. पुढच्या अभ्यासक्रमांच्या पात्रतेत मात्र काही संस्था नियमित पदवीची अट घालतात, ते अर्ज भरण्याआधी पाहावं.

या निर्णयाचा फटका कुणाला बसला हेही बोललं पाहिजे. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या संसारी बाईला, नोकरदार शिक्षकाला मानसशास्त्र शिकण्याचा तोच एक परवडणारा मार्ग होता. आजारावर उपचार करणाऱ्याला प्रत्यक्ष प्रशिक्षण हवंच, पण विषय समजून घ्यायची इच्छा असलेल्यांसाठी दुसरी सोय न करता दार लावणं योग्य झालं नाही.

"तज्ज्ञ इतके कमी, मग नियम इतके कडक का?"

हा आक्षेप वजनदार आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. एवढी तहान असताना थेंब मोजत का बसायचं?

याचं एक उत्तर गोव्यात मिळालं आहे. संगत या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना नैराश्यावरचा एक छोटा, सहा ते आठ सत्रांचा उपचार शिकवला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेल्या रुग्णांत अधिक सुधारणा झाली. म्हणजे प्रत्येक सत्रासाठी सात वर्षं शिकलेला माणूस लागत नाही. पण ते समुपदेशक एका आजारासाठी, लिखित पद्धतीने, नियमित देखरेखीखाली काम करत होते आणि अवघड रुग्ण वर पाठवत होते. देखरेख करणारे आणि वर पाठवलेला रुग्ण घेणारे आधी घडवावे लागतात. त्यांची पात्रता सैल केली तर खालची सगळी रचना कोसळते. जागा वाढवायच्या असतील तर त्याची सुरुवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रशिक्षक नेमण्यापासून व्हायला हवी.

नोकरी आणि उत्पन्न

राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, बालकांची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, व्यसनमुक्ती केंद्रं, मेंदूविकार आणि कर्करोगाची रुग्णालयं इथे कामं असतात. सरकारी योजनांमधली बरीच पदं कंत्राटी आहेत आणि हा या व्यवसायाचा दुखरा भाग आहे; अनुभव आला की माणसं शहरातल्या खासगी व्यवसायाकडे वळतात.

खासगी व्यवसायाचं गणित तासांवर चालतं. एक सत्र ४५ ते ६० मिनिटांचं. लक्ष शाबूत ठेवून दिवसात पाच-सहा सत्रांपलीकडे जाणं कठीण, त्यात नोंदी आणि अहवालांचा वेळ वेगळा. डॉक्टरच्या बाह्यरुग्ण विभागासारखी गर्दी इथे घेता येत नाही, त्यामुळे उत्पन्न सावकाश वाढतं. पहिली काही वर्षं रुग्णालयात अर्धवेळ नोकरी आणि संध्याकाळी दवाखाना हा सुरक्षित मार्ग. नोंदणीचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मान्य कार्यशाळांना हजेरी लागते.

परदेशी जायचं असेल तर भारतीय एम.फिल. तिथे थेट चालत नाही. अमेरिकेत डॉक्टरेट आणि राज्याचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये ही उपाधी कायद्याने संरक्षित असून तिथल्या प्रशिक्षणाची रीतसर वाट तीन वर्षांच्या डॉक्टरेटची आहे. उलट दिशेने, परदेशी पदवी घेऊन परतलेल्यांनाही इथे रुग्ण पाहण्याआधी परिषदेकडे पात्रता तपासून घ्यावी लागते.

उपचार घेणाऱ्याने तपासायचं कसं?

पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यावसायिकांचा शोध घेता येतो. नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की पात्रता आणि नोंदणीची मुदत कळते. क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. अहवालावर आणि पाटीवर तो असायलाच हवा. यादीत नाव सापडलं नाही तर ती व्यक्ती फसवी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. समुपदेशक म्हणून काम करणारी, तशीच ओळख सांगणारी माणसं या नोंदवहीत नसतातच. पण पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलेलं आहे आणि नोंदवहीत नाव नाही, असं असेल तर तिथून दिव्यांगत्वासाठी किंवा परीक्षेच्या सवलतीसाठी अहवाल घेऊ नका. तो पुढच्या कार्यालयात अडण्याचीच शक्यता जास्त, आणि मुलाला तीच चाचणी पुन्हा लगेच देता येत नाही. ऐन वेळी आधार हवा असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.